ड्राख्तनला गाडी जात नाही

आमच्या गावाला रेल्वे नाही.
नकाशावरची काळी रेघ हेरेनफेनवरून
सरळ लेवार्डनला निघून जाते,
आमच्याकडे मान वळवूनसुद्धा बघत नाही.
मी बस चालवते. बावीस वर्षं झाली.
माणसं माझ्या बसने स्टेशनपर्यंत जातात
आणि तिथे मला विसरतात.

डौवे म्हणाला, मग आपणच आणू.
डौवे म्हणजे सुतार, निवृत्त, डाव्या कानाने बहिरा,
बोटं जाडजूड, तरी नखाएवढी पारदर्शक वीट
अंधारातही चिमटीत धरणारा.
आणायची कशी, ते सांगितलं नाही त्याने.
दुसऱ्या दिवशी अंड्यांचे रिकामे खोके मागत
दारात उभा.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात
अंड्यांच्या खोक्यांत अंडी नसतात.
करड्या विटा, उतरत्या विटा, दारं, खिडक्या,
आणि मूठभर पिवळी डोकी, सगळी हसरी.
हिवाळ्यात चारलाच दिवस मिटतो.
मी डबा टेबलावर उपडा करते
आणि ढिगात हात फिरवत बसते.
तो आवाज!
ओहोटीच्या वाळूत कुणी शिंपले चाळावेत तसा.
हवी ती वीट कधीच सापडत नाही,
काल हवी होती ती सापडते.

चिकटून बसलेल्या पट्ट्या मी दातांनी सोडवते.
दातांची डॉक्टरीण दर खेपेला विचारते,
खाता तरी काय हो तुम्ही?
रेल्वे,
असं सांगायची लाज वाटते.

फेब्रुवारीत शाळेची व्यायामशाळा मिळाली, दोन दिवस.
सतरा टेबलं, सतरा घरांतून आलेली,
कुठल्याही दोघांची उंची जुळेना.
डौवे गुडघ्यांवर, एक डोळा मिटून, पाणसळ धरून:
आणखी एक बिअरचा पुठ्ठा. नाही, अर्धा.
वीबेचा कालव्यावरचा पूल तरीही दोन मिलिमीटर वर,
त्याची बायको म्हणाली, तो सगळीकडेच तसा आहे.
माझे दोन डबे एकमेकांना जोडून घेईनात,
चुंबकांची तोंडं सारखी, जवळ आणले की
भांडलेल्या जावांसारखे मान फिरवायचे.
एकाला उलटा केला. खट्.
समेट.

स्टेशन माझ्याकडे होतं.
जे कधी नव्हतं ते कशावरून बांधायचं?
शेवटी बसथांब्यामागे, जिथे सायकली लावतात,
तिथे ते आहे असं धरून चालले.
तांबड्या विटा, घड्याळ, एक बाक,
बाकावर निळ्या गणवेशातली एक बाई.
तिला वेळच वेळ आहे.

पहिली गाडी वळणावर आली,
लांब डब्याची कड फलाटाला घासली,
छपराचा कोपरा उडाला, पोरं जाम खूश.
मी फलाट एक खुंटी मागे घेतला.
मग ती आली. आणि थांबली.
ड्राख्तनला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डौवे
उगाच रुळावरची नसलेली धूळ पुसत राहिला.

दोरीपलीकडून एका मुलीने विचारलं, कुठे जाते ही?
लेवार्डनला, मी म्हणाले.
मग?
मग परत इथेच.
तिने थोडा विचार केला, खिशातून
केस हरवलेला एक माणूस काढला:
याला चढवा. आजीकडे चाललाय.
नियमात बसत नव्हतं. खिडकीत बसला.

रविवारी संध्याकाळी सगळं मोडलं.
आठ महिन्यांचं गाव तासाभरात खोक्यांत गेलं,
पुठ्ठे वीबेच्या बायकोने मोजून परत घेतले.
मुलगी काही माणूस न्यायला आली नाही.

सोमवारी पहाटेची पहिली बस. बाहेर धुकं, आत मी,
आणि कोटाच्या खिशात बोटांना लागलेलं
एक गुळगुळीत टक्कल.
त्याला काचेपाशी उभा केला, तिकिटं फाडायच्या यंत्राशेजारी.
म्हटलं, चल, स्टेशनपर्यंत सोडते.

हेरेनफेनला सगळे उतरले.
तो उतरला नाही.