पन्नास मैलांनंतर

डुलुथमधला प्रत्येक उतार सरळ तळ्यावर जाऊन थांबतो.
तळं म्हणायचं, पलीकडचा काठ इथून कुणालाच दिसत नाही.
लेक ॲव्हेन्यू उतरताना स्टिअरिंग थरथरू लागलं
तेव्हा आधी वाटलं, माझेच हात.
मग ब्रेकवरचा पायही थरथरला
आणि मागच्या सीटवरच्या दुधाच्या कॅननं
टकटक करून साक्ष दिली.

गॅरेजवाला म्हणाला, पुढचे दोन्ही रोटर, पॅड,
मजुरी धरून सहाशे ऐंशी.
मी म्हटलं, बघते.
धान्याच्या गोदीवर सोळा वर्षं मी
पट्टे, पुल्या, बेअरिंगं बदलतेय.
एका मिनीव्हॅनपुढे हात टेकायचे?

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. बर्फाआधीचा.
टोबायस बॅटरी धरायला आला,
आला म्हणजे बापानं पाठवला.
तेरा वर्षांचा. मला मार्लिस म्हणतो,
तेही गरज पडली तरच.
गाडी त्याच्या आईनं घेतलेली.
आरशाशेजारी तिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे:
ऑइल, ६१,०००.
काटा आता एक लाख बारा हजारांवर.
ती टुसॉनला असते. तिकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत.

चाक निघालं. कॅलिपर निघाला.
नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, मी सांगितलं,
रबर आतून फाटतं, बाहेरून काही कळत नाही.
त्यानं न बोलता हँगरची तार वाकवली,
आकडा केला,
कॅलिपर स्प्रिंगला टांगला.

रोटर मात्र हलेना.
दहा हिवाळ्यांचं मीठ
चकती आणि हबच्या मधे जाऊन बसलेलं;
दोन वेगळ्या वस्तू, गंजानं एक केलेल्या.
तेल मारलं. कॉफी प्याले. हातोडा मारला.
समोरच्या ओयाबाई खिडकीत आल्या,
पडदा सोडून गेल्या.

"मी मारू?"

मी बॅटरी घेतली, हातोडा दिला.
पहिले दोन घाव रोटरवर होते.
पुढचे कशावर होते, मला माहीत नाही.
मोजले नाहीत. हळू, म्हटलं नाही.
उजेड तेवढा हलू दिला नाही.

मग आवाज बदलला.
इतका वेळ ठप्प, ठप्प. आता खण्.
रोटर सुटून कलला,
खुंटीवरच्या टोपीसारखा.

आम्ही तो मोजला.
काठाला उंच ओठ, आत घासून गेलेली वाट,
कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा
एक मिलिमीटर कमी.
"म्हणजे कधीपासून?"
"माहीत नाही. मीही रोज चालवत होतेच की."

नव्या रोटरवर तेलाचा थर असतो, गंज चढू नये म्हणून;
तो पुसला नाही तर ब्रेक धरत नाही.
त्यानं दोनदा पुसला.
स्वतःच्या बोटांचे ठसे दिसले म्हणून तिसऱ्यांदा.

दुसरी बाजू अर्ध्या तासात झाली. ती कशी झाली आठवतही नाही.

सगळं बसवल्यावर त्याला सीटवर बसवलं.
गाडी हलवायच्या आधी पेडल दाब.
पाय थेट तळाला गेला.
"इथे काहीच नाहीये!"
पुन्हा दाब.
पुन्हा.
चौथ्या वेळी पायाखाली काहीतरी उभं राहिलं;
मला ते त्याच्या खांद्यांत दिसलं.

संध्याकाळी विमानतळामागच्या रिकाम्या रस्त्यावर
चाळीसवरून दहावर, पुन्हा चाळीस, पुन्हा दहा,
पूर्ण न थांबता, नवे पॅड नव्या लोखंडाला सरावेपर्यंत.
जळका वास. तो मोठ्यानं आकडे म्हणत होता.
परतताना मी स्वतःशीच पुटपुटले,
पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळायला हवेत,
आणि विसरून गेले.

बुधवारी हॉकीवरून येताना अंधार, पहिला बर्फ.
पेट्रोल पंपापाशी तो म्हणाला, "मार्लिस, थांब."
किटबॅगेतून, ओल्या मोज्यांखालून,
त्यानं माझा टॉर्कचा पाना काढला.
"पन्नास मैल झाले," म्हणाला.
"बावन्न, खरं तर."