सयत्राबाईचं पान

निळ्या पुठ्ठ्याची वही, पान एकतीस.
वर नाव: सयत्रा दोनाडकर, शाळेची खिचडी.
गावात सयत्रा तीन,
म्हणून कामही लिहावं लागतं.

सोमवार. लवंगेचं तेल, लहान बाटली, पंचवीस.
"दाढ ठणकून रायली जी," म्हणाली,
पण बोट दाढेवर नव्हतं.
पंजा हनुवटीखालून कानापर्यंत फिरवून दाखवला.
मी बाटलीवरची धूळ पुसत होतो.
"गंज उचलला का दुखते,
ठेवून बसली का थांबते."
म्हटलं, दाढही कामचुकार झाली बाई तुमची.
ती हसली.
सगळे दात जागच्या जागी, एकही किडका नाही.
हे मी पाहिलं. पाहिलं एवढंच.

बुधवार. पित्ताची पुडी, दोन, चोवीस.
मंडईचे दिवस, घरोघरी पाहुणे,
अर्ध्या गावाला पित्त.
तिच्या पुडीत वेगळं काय दिसणार होतं?

गुरुवार. बाम, अठ्ठावीस. नातवाच्या हाती.
"आजीच्या दोन फऱ्यांच्या मधात
कोनी पाटा ठेवल्यासारखं वाटते म्हने."
हेही लिहून ठेवलंय, पाटा सोडून.
हिशेबात मी पक्का आहे.

शुक्रवारी वहीत काही नाही.
शुक्रवारी रात्री नाटक होतं.
पडदा उघडायला बारा वाजले,
धानाच्या बांध्यांवरून येणारं वारं,
लोक घोंगड्यात नाकापर्यंत.
ती माझ्या पुढच्या सतरंजीवर,
पदराने मान पुसत.
एकदा. दोनदा. मग सारखी.
मला वाटलं, नायिका मरतेय म्हणून रडते.
रडणारं माणूस मान पुसत नाही,
हे आता कळतं.

शनिवारी शाळा भरली, चूल पेटली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं म्हणे,
छातीत दुखत होतं का?
सोविंदाजी म्हणाले, नाही जी,
छातीत तर तिच्या कधी दुखलंच नाही.
खरं तेच सांगितलं त्यांनी.

पुढे औषधं आणायला गेलो तेव्हा
तिथला तरुण डॉक्टर चहा पीत बोलला,
काहींचं तिथं दुखतच नाही.
बायकांचं बरेचदा, साखर असलेल्यांचंही.
जबडा, पित्त, पाठ, गार घाम.
तो बोटं मोडत होता
आणि मी मनात पान वाचत होतो.
त्याच क्रमाने. माझ्याच अक्षरात.

तेरवीनंतर सोविंदाजी आले. टोपी हातात.
"मेल्या मानसाची उधारी ठेवू नाही.
किती होते?"
सत्याहत्तर.
मी घेतले. मोजूनही घेतले.
नको म्हटलं असतं
तर त्यांनी काहून म्हणून विचारलं असतं.

पैसे गल्ल्यात वेगळे आहेत, पुडीच्या कागदात.
पानावर जमा अजून मांडलं नाही.

आता कोणी दाढ म्हटली की
मी बाटलीकडे वळत नाही.
चढताना दुखते? बसल्यावर थांबते?
घाम? मळमळ? डावा हात?
लोक वैतागतात.
फाट्यावर नवं मेडिकल झालंय,
तिथं कोणी काही विचारत नाही.

परवा रामटेके मास्तरांना तेल दिलंच नाही.
दुकान बंद करून त्यांना टमटममध्ये घातलं,
वाटेभर त्यांचं मनगट धरून बसलो.
त्यांनी दोनदा सोडवून घेतलं.
पट्टी निघाली, सरळ.
दुसऱ्या दिवशी मास्तर आले, रागात,
कागदाची पुडी काउंटरवर आपटली:
"घे, पाह्य तुहं हार्ट."

आत दाढ होती.
काळी, मुळापर्यंत पोखरलेली.
मी ती उजेडात धरून
कितीतरी वेळ पाहत राहिलो.
इतकी चांगली गोष्ट
बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.