कटेला

गुजरीत दहाला शटरं वर जातात,
मी आतल्या खोलीत
उत्तरेच्या खिडकीशी टेबल ओढून बसते.
पिवळा दिवा खड्याला खोटं बोलायला शिकवतो.

रवळू सावेकर गारगोटीच्या एस्टीनं आले.
कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस गळीत हंगाम काढलेला माणूस.
अंगठी बोटातून निघेना, साबण लावला.
"नीलम हाय. साडेसातीत घेतलेला.
नातीची फी भरायची, म्हणून आणला."

कोंदणातून सोडवला.
पॉलिश शाबूत, कडा तेवढ्या बोथट,
एवढी वर्षं चिपाडाच्या धुळीत वावरलेल्या.
ओठाला लावला: गार.
काच असती तर लगेच ऊब धरली असती.
भिंगाखाली बुडबुडा एकही नाही.

मग पाण्याच्या वाटीत सोडला
आणि रंग उघडा पडला.
सगळीकडे सारखा नव्हताच तो,
पट्ट्यापट्ट्यांनी, कोन करून अडलेला;
जांभळं खाल्ल्यावर तासाभरानं
जीभ दिसते, तसा.
जरा फिरवला
तर निळ्याकडचा तांबूसाकडे सरकला.

काटा काढला. एकदा हवेत वजन, एकदा पाण्यात.
का, ते सांगायला लागले तर म्हणाले,
"भरलेली गाडी एकदा, रिकामी एकदा. कळलं."
आणि माझ्याआधी आकड्याकडे बघून,
"हलकं हाय हे."

नीलम एवढ्या अंगाचा दीडपट भरला असता.

काका, हा कटेला. खोटा नाही,
पण नीलमही नाही.
जात गारगोटीची,
आत लोखंडाचा अंश,
आणि जमिनीखाली फार, फार वेळ.

"गारगोटीची?"
ते खुर्चीत मागं रेलले. आधी खांदे हलले, मग पोट.
"एस्टीचं तिकीट काढून आलो, ताई,
आन् तुम्ही मला गावचाच धोंडा दावताय!"
बाहेरचा पॉलिशवाला पोरगाही हसला.
मग एकदम थांबून, हळू आवाजात:
"आन् शनी? तो कसा उतरला मग?"

हे सांगणारं यंत्र माझ्या टेबलावर नाही.

सोनं तेवढं मोडलं. फीला थोडं कमीच पडलं.
खड्याचा भाव सांगितला, तेव्हा त्यांनी
हात असा हलवला, की राहू द्या.
"पावतीवर खरं नाव लिवा."
लिहिलं: कटेला, नैसर्गिक, ५.३२ कॅरेट.
त्यांनी आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्याची चिठ्ठी तपासतात तसा,
नि खडा चष्म्याच्या घरात टाकून
स्टँडकडे निघाले,
रिकाम्या बोटाला अंगठ्यानं चाचपत.