ओंदूवरे

काकांची फार्गो. नंबरप्लेटीवर अजून म्हैसूर राज्य.
बावीस वर्षं बॉनेटखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

इनटेक उद्यमबागेत ओतून आणला.
आतली भिंत मी कानसून कानसून गुळगुळीत केली,
बोट घालून पाहिलं,
तरी वाळूचा एक कण लागलाच.
कार्बुरेटर दोन घशांचा, गडहिंग्लजच्या भंगारातला.
सायलेन्सरची नळी मोनेश बडिगेरनं वाकवली,
बैलगाडीची धाव तापवतात त्या भट्टीत,
आणि पैसे घेतले धावेचेच.

राहिला मिक्श्चरचा स्क्रू.
गच्च आवळायचा, मग सोडायचा.
"ओंदूवरे," अल्लीसाब कुडचीकर म्हणाले.
काका पडवीतून ओरडले, "दीडच! जास्त नको!"
पेटला वाद. आकडा एकच.

मी हँडल मारलं.
धूर आधी काळा, मग निळा, मग नाहीच,
नुसतं समोरच्या तंबाखू वखारीचं
पत्र्याचं दार थरथरत राहिलं.

काका उतरून आले, अनवाणी.
नळीच्या तोंडाशी तळहात धरला,
बराच वेळ.
"तिसरा सिलिंडर," म्हणाले,
"अजून खोकतोय."

अल्लीसाबांनी पुसून ठेवलेला स्क्रूड्रायव्हर
पुन्हा उचलला.