सोळा गेज

पहिलं भोक पडलं तेव्हा मी नव्वदवर होतो.
दहा नंबरचा रॉड, घरात पडून होता म्हणून,
आणि नळी सोळा गेजची, एक इंची चौकोनी.
क्षणभर पिवळं, मग पांढरं,
मग नळीनं तोंड उघडलं
आणि आतला अंधार दाखवला.
बुजवायला गेलो.
चाराण्याएवढं होतं, आठाण्याएवढं झालं.

मी मोटारी भरणारा माणूस.
तांब्याची तार केसासारखी मोजतो.
लोखंडाशी माझी ओळख एवढीच, की ते तापतं.
मशीन मुलानं मागवलेलं, घरच्या प्लगवर चालणारं.
तो चाकणला गेला, मशीन यावललाच राहिलं.

रऊफ मिस्त्रीनं सायकल भिंतीला टेकवली.
भुसावळच्या शेडमध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस.
नळीकडे बघितलंच नाही त्यानं. माझा शर्ट बघितला.
"टेरिकॉट काढ. ठिणगी पडली तर ते जळत नाही, चिकटतं,
आणि निघताना कातडं घेऊन निघतं."
मग ओट्यावरचा बोंडेंचा कापूस,
भावाची वाट बघत डिसेंबरपासून पडलेला,
तो मागच्या खोलीत, दार लावून.
पाण्याची बादली. बादलीवर ओलं गोणपाट.
मग भिंतीवरून डोकावणारी बोंडेंची धाकटी:
"बेटी, आत जा. आत्ता काही नाही होणार.
रात्री दोन वाजता डोळ्यांत रेती भरल्यासारखं होईल."

मग त्यानं मला नळीवरचा चंदेरी मुलामा घासायला लावला,
सांध्याच्या दोन्ही अंगांना चार बोटं.
"याचा पांढरा धूर रात्री थंडीताप घेऊन येतो.
लोक सांगतील दूध पी. दूध चहात घाल.
तू वारा कुठून येतो ते बघ."
आणि जिची दोन्ही तोंडं बंद होणार होती
त्या नळीला आधी ड्रिलनं एक बारीक छिद्र.
"कोंडलेली हवा तापली की ओळख ठेवत नाही."
चौदा नंबरचा रॉड. पंचेचाळीस.
टोक जवळ, रॉडच्या जाडीइतकंच अंतर.
एवढं सांगून तो नमाजला गेला.

तरी पडलं.
लहान होतं, पण पडलं.

मागच्या अंगणात शैलजा वांगी भाजत होती.
बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ.
तिच्याच भरिताच्या गाड्याचं हे छप्पर.
राखेच्या हातांनी आली, मास्कच्या काचेवर टकटक केलं.
"काय करी राह्यले हो? एकाच जागी इतका जाळ?
वांगं तरी सहन करीन का?
जरा चटका द्या, मंग दुसऱ्या अंगाला जा.
तवर पह्यलं अंग दम खातं."
आणि गेली. जाळ तसाच टाकून आली होती.

एक टाका घातला. थांबलो.
लाल उतरून काळं होईस्तोवर
पऱ्हाट्यांचा तडतडाट ऐकत बसलो.
मग समोरच्या कोपऱ्यात एक. मग तिरपा एक.
उभ्या सांध्याला रॉड वरून खाली ओढत आणला,
अर्धा इंच, आणि उचलला.
टाक्यांच्या मध्ये टाके,
जसं कोणी शिवायला घेतं आणि मध्येच दार उघडायला उठतं.
हातोडी मारली. पापुद्रा उडाला, चष्म्यावर आपटला.
खाली सुरवंट होता. वाकडा,
पण शेपटीपासून डोक्यापर्यंत सलग.

चौथ्या कोपऱ्याला पट्टीचं ठिगळ आहे.
रंगाखाली मला ते अजून सापडतं.

स्टँडसमोर गाडा लागला त्या संध्याकाळी
मिस्त्री आला, छपराच्या आडव्या नळीला दोन्ही हातांनी लोंबकळला,
पाय उचलून, या वयात.
चपला पुन्हा जमिनीला लागल्या तेव्हा म्हणाला,
"भरीत दे. मिरची कमी."

पहिली नळी, भोकाची, मी भंगारात टाकणार होतो.
शैलजानं ती फुंकणीला घेतली.
भोकावर अंगठा ठेवते
आणि फुंकते.