सहा फुटी टाकी

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात
दातदुखीवाल्यांनी बघत बसावं म्हणून ठेवलेली टाकी
मे महिन्यात हिरवी झाली, ऑइलपेंट दिल्यासारखी.
आत मासे उरलेत का, यावर पेशंट पैज लावायचे.

तीनदा काच खरवडली मी, जुन्या एटीएम कार्डाने.
तीनदा ते परतलं.

मग बाबल तारी आला, कवळीचं माप द्यायला.
जबडा उघडण्याआधी म्हणाला,
"शेवाळाक कित्याक गाळी घालतस?
मोकळी जागा गावली, म्हणान इला."

रविवारी त्याच्यामागून मठच्या व्हाळात उतरले.
पाण्याखाली लांब पात, मोकळ्या केसांसारखी,
मुळाशी गाळ घट्ट धरून.
"सगळा उपटू नुको. व्हाळाक पण ठेव."
दोन बादल्या स्कूटरवर, वर ओलं गोणपाट.

अर्धं पाणी उपसलं. एकेक रोप वाळूत खोवलं
दात काढायच्या चिमट्याने
(डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही).
मूळ आत, मान बाहेर.
पश्चिमेच्या खिडकीला माझी जुनी साडी.
दिवा सहाच तास. माशांचं खाणं निम्मं.

आठवड्यात पानं विरघळली, सगळीच.
मी कुणाशी नीट बोलले नाही.
मग गाळातून एक टोक, नखाएवढं.
मग शेजारी दुसरं.

आज बाबल कवळी न्यायला आला
आणि नंबर गेला तरी काचेपाशीच बसला.
मागच्या दगडावर थोडं शेवाळ आहे अजून,
दांडक्या तिथे तोंड मारतात.
मी कार्ड काढलं.
"ऱ्हवांदे," तो म्हणाला,
नव्या दातांतून,
'ऱ्ह' नीट येत नव्हता.