शेऱ्याचा रकाना

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
आमची लॅब: एक मशीन, दोन टेबलं
आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट, देवाच्या फ्रेमशेजारी.

गिऱ्हाईक मच्छ्याचं, बसच्या बॉड्या बांधणारं.
दोन डबे घेऊन आलं.
एकातला गोंद वाळला की काचेसारखा,
दुसऱ्यातला वाळूनही नखाला दबतो.
"मॅडम, ह्यातला घट्ट कुठला, तेवढं सांगा की."
तेवढं.

मी पट्ट्या घासल्या, पुसल्या,
एकीवर एक साडेबारा मिलिमीटर चढवल्या.
भरमाण्णा हुंदरे, तीस वर्षं लेथवर, आता माझ्यासोबत,
पकडीत मागून पत्र्याचा तुकडा सरकवत म्हणाले,
"ओढ सरळ जाऊ दे पोरी.
न्हाईतर मशीन ओढतंय एकीकडं
आणि जोड वळतोय दुसरीकडं."

कडक गोंद.
आलेख शिडीसारखा चढला,
सहा किलोन्यूटन, आणि
फाट्!
समोरच्या टपरीवरचा चहावाला वळून बघतो
असा आवाज.
पट्ट्या उजेडात धरल्या. जोडाशी किंचित वाकलेल्या.
सुरुवात कडेलाच झालेली.
मधला भाग, भरमाण्णा म्हणतात,
शेवटपर्यंत झोपलेला असतो.
त्याला कळतच नाही, बाहेर काय ओढाताण चाललीय.

मग मऊ गोंद.
आलेख जरासा उठला आणि
म्हशीसारखा बसला, रवंथ करत.
थर तिरपा होत गेला,
कडेनं मधल्याला हाक मारली,
मधला उठला, खांदा दिला.
पाऊण किलोन्यूटन.
भार थोडा उतरला तर संगणकानं
'तुटला' असं लिहून टाकलं.
जोड शाबूत. लोंबतोय.

दुसरा नमुना दहापट वेगानं ओढला: आकडा वेगळा.
तिसरा दुपारी, पत्रे तापल्यावर: आणखी वेगळा.
कुठला खरा?
"घाईनं विचारलं तर घाईचं उत्तर," भरमाण्णा.
मग चिमटा लावून नुसता थर मोजला, तेव्हा कळलं,
कडक गोंदाच्या वेळी मशीननं
स्वतःचंच सरकणं
त्याच्या नावावर लिहिलं होतं.

भरमाण्णांची बायको गदगची.
घरात भांडण मराठीत, हिशेब कन्नडात.
चहा ओतताना म्हणाले,
अंटु म्हणजे डिंक, नंटु म्हणजे नातं.
"एका अक्षराचा फरक.
तोपण घासून गेलाय आमच्यात."

पाचव्या नमुन्याला करंट गेला.
पंखा थांबला, पडदा काळा,
जोड मशीनमध्ये, अर्धा ओढलेला.
सात वाजले. कुलूप लावलं.
तिसऱ्या रेल्वे गेटाशी बस थांबली तेव्हा
काचेच्या कडेची काळी रेघ
मी बोटानं दाबून बघितली.
शेजारची बाई माझ्याकडं बघत होती.

सकाळी भार निम्म्यावर.
रात्रभर, कुणी हात न लावता,
त्यानं ताण अंगात मुरवून घेतला होता.
नियमानं हा नमुना बाद.
"बाद कशाला?" भरमाण्णा.
"साकु म्हणाला न्हाई की त्यो अजून."

रिपोर्टात चौकोन एकच: कमाल भार.
दोन्ही आकडे लिहिले. कडक जिंकला, आठपट.
खाली शेऱ्याचा रकाना, बोटभर रुंद.
तिथं बारीक अक्षरात लिहायला लागले:
वेग. तापमान. थराची जाडी.
कुठं थांबवलं, कुणी थांबवलं.
खानापूरचा रस्ता.
हे शेवटचं खोडलं.
समासात परत लिहीत होते
तर फोन वाजला, मच्छ्याहून.